जिवाकाशीचा डबा

...न्हाई न्हाई, आदी माझं ऐकून घ्या, मग म्हना मालनबाई भांडकुदळ हाय म्हनून! कारन रविवारपासनं आमच्या घरात एकच तुनतुनं चाललंय, आईनं खेळ बिघडवला, आईनं खेळ बिघडवला. पोरगा तोंडावर म्हनतो, सून म्हनत न्हाई पन तसं तोंड करती, आन् सात वर्साची नात, ती बी कमरेवर हात ठिवून म्हनती, "आज्जी, तुझ्यामुळं रूल मोडला." आता तुमाला सांगते, रूल मोडायला आदी रूल ठाऊक पायजे का नको? मला तर त्या खेळाचं नाव बी धड येईना! पंकजानं, म्हंजी नातीनं, चार येळा म्हनून घेतलं माझ्याकडनं, "आज्जी, म्हण, जि-ओ-कॅ-शिंग." मी म्हनलं, "जिवाकाशी." ती खिदळली. खिदळू दे! पन शेवटी कुनाचं बरोबर निघालं? एका रविवारात, भर दिवसा, चार मान्सांदेखत... झाली का न्हाई जिवाची काशी!

तर त्याचं असं झालं. करन, माझा पोरगा, पुन्याला कंपनीत. सून मोनिका, ती बी कंपनीत. महिन्यातनं एकदा येत्यात आमच्याकडं, ह्या खेपेला आठ दिसांची रजा काढून आलेत, श्रीरामपुराच्या अलीकडं वस्ती हाय आमची. संक्रांत झालेली, थंडी बरी पडलेली, म्हनलं रविवारी गाडीनं शिंगनापूरला जाऊ, शनीला तेल घालू, येताना कुनाच्या तरी रानात बसून हुरडा खाऊ, आन् मान्सासारखं घरी येऊ. ठरलं! मी पहाटं उठून दशम्या केल्या, शेंगदान्याची चटनी कुटली, मिक्सरमधी न्हाई, उखळात कुटली... आन् गाडीत बसायच्या टायमाला मोनिका म्हनती, "आई, आपण आज एक नवीन गंमत करूया ना?"

मोनिका लई ग्वाड बोलती. यवढी ग्वाड बोलती का आपलं ठरल्यालं मोडलं हे आपल्याला घरी आल्यावर कळतं.

म्हनलं, "कसली गंमत?" तर म्हनली, "जगभर लोकांनी डबे लपवून ठेवलेत आई. मोबाईल बाण दाखवतो, त्या बाणामागं जायचं आणि डबा शोधायचा."

"कशाचा डबा?"

"असाच. प्लास्टिकचा."

"आत काय असतंय?"

"विशेष काही नाही हो."

"मग शोधायचा कशाला?"

"मजा!"

"बरं, सापडला. मग घरी आनायचा?"

"नाही नाही! जिथं होता तिथंच, जसा होता तसाच परत लपवायचा."

आता बोला! तुमाला सांगते, मी चौथी शिकल्याली बाई हाय, पन यवढा हिशेब मला बी कळतो. माझ्या घरात रोज मी ह्यांचा चष्मा शोधती, ह्यांच्या गोळ्या शोधती, शेळीचं दावं शोधती, काल मांजरानं पिलं कुठं नेली ती शोधली... त्याला कुनी मजा म्हनलं का कदी? आन् सुट्टीच्या दिशी गाडी काढून, कुन्या परक्यानं लपिवल्याला डबा शोधायचा, बघायचा, आन् पुन्हा झाकून ठिवायचा! ह्याला खेळ म्हनायचा का रोजगार हमी?

आन् आमचे हे! ह्यांचं नाव श्रीमंत. नुसतं नावच. मोनिका यवढं सांगत हुती, त्यातलं ह्यांच्या कानात एकच शबुद शिरला, "कॅश." बोलले न्हाईत, काय न्हाईत, गपचिप गोठ्यात गेले, आन् गाडीत बसताना बघते तर काखंत युरियाची रिकामी गोनी, आन् हातात पहार! म्हनलं, "अवो, पहार कशाला?" तर हळूच म्हनत्यात, "असू दे. जमिनीत असलं तर?" म्हनलं, "आन् गोनी?" तर खिडकीतनं भाईर बघाय लागले, जनू काय गोनी आपली न्हाईच.

निघालो. म्होरं करन, त्याच्याशेजारी मोनिका मोबाईल घेऊन, मागं हे, मधी पंकजा, हिकडं मी मांडीवर चटनीचा डबा घेऊन, आन् पायाखाली ती पहार, दर खड्ड्याला माझ्या घोट्यावर! रस्त्यानं उसाच्या डबल ट्रॉल्या, म्होरनं येत्यात तर वाटतं आख्खं रान चालून यायला लागलंय. मोनिका म्हनती, "अजून नऊ किलोमीटर." मग म्हनती, "अजून सहा." पंकजा टाळ्या वाजवती. नेवाशाच्या अलीकडं गाडी पाटावरनं डाव्या अंगाला वळली...

आन् मी खिडकीची काच खाली केली.

आता तुमी म्हनाल, का? आवो, त्यो पाट! त्यो मोडक्या कठड्याचा पूल! त्याच्याम्होरं पिंपरनीचं झाड, त्याच्याम्होरं पिठाची गिरन... डोळं झाकून सांगते मी! त्यो रस्ता माझ्या माहेरचा हो! नऊ वर्सं पाय ठिवला न्हाई मी त्या रस्त्यावर. आन् ह्या मोबाईलला सगळं जग सोडून बान दावायला त्योच रस्ता घावला!

नऊ वर्सं का, ते सांगते. लपवून ठिवायला ते काय डब्यात न्हाई. माझा भाऊ अंगद. धाकटा. मी त्याला कडेवर घेऊन वाढिवला, पाटाला पानी आलं का पाठुंगळी घेऊन पार केला. आमचे आप्पा, म्हंजी माझा बाप, गेले, त्याच वर्साची भाऊबीज. मी पाट मांडला, रांगोळी काढली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ववाळलं. ववाळल्यावर भावानं ताटात काय टाकायचं असतंय? लुगडं टाकावं, चोळखन टाकावा, काय नसलं तर सुपारी टाकावी, मी काय म्हनले असते? त्यानं टाकला कागद. घडी घातल्याला. मी उघडला, तर हक्कसोड! आप्पांच्या जमिनीवरचा हक्क सोडला, हितं सही करा! खाली फुली बी मारून ठिवलेली, बहिनीला सापडायला अवघड जाऊ नये म्हनून!

तुमाला शपथेवर सांगते, मला जमीन नको हुती. आज बी नको. त्यानं नुसतं म्हनलं असतं, आक्का, सही दे... तर मी ढेकळावर बसून दिली असती. पन ववाळनीत? मी म्हनलं, "अंगद, मी भावाला ववाळलंय, तलाठ्याला न्हाई." ताट तितंच ठिवलं आन् यष्टी धरून घरी आले. तवापासनं ना त्यो आला, ना मी गेले. तवापासनं मी कशावर सही बी करीत न्हाई. बचत गटात करते, ती बी तीनदा वाचून घेऊन.

तर असं ते माहेर. आन् गाडी तिकडंच चाललेली. आता तुमी इचाराल, मालनबाई, तुमी तर तोंडाच्या फाटक्या, मग तवा गप का बसला? एक शबुद बोलला असता तर करननं गाडी वळिवली असती का न्हाई? वळिवली असती. मग?

मग काय... न्हाई बोलले. खिडकीकडं तोंड केलं आन् डबा घट्ट धरून बसले. का, ते इचारू नका.

हे बोलले, "अगं, ही वाट तर..." मी त्यांचा हात असा दाबला का पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मोनिकाला काय ठाऊक न्हाई, ती लग्न होऊन आली तवा भांडान शिळं झालं हुतं. करन? करन नुसता म्होरं बघून गाडी चालवतोय, आन् कानाची पाळी लाल! आईला काय कळत न्हाई वाटतं त्याला! पोराचा कान लाल झाला का समजावं, ह्यानं कायतरी करून ठिवलंय. पन मी म्हनलं, चल. बघू तर हा बान कुठं थांबतोय.

थांबला कुठं? अंगदच्या बांधावर! उसाच्या आन् हरभऱ्याच्या मदल्या बांधावर! लिंबाखाली! झाली का न्हाई जिवाची काशी?

उतरलो. करन मोबाईल समोर धरून चालाय लागला, आन् मोठ्यानं म्हनतोय, "बारा मीटर... नऊ मीटर... सहा... अरे वाढलं, मागं या, मागं या... चार मीटर!" त्याच्यामागं मोनिका, तिच्यामागं पंकजा, तिच्यामागं पहार घेऊन हे. बांधावरनं चारजन वळीनं, पुढं दोन पावलं, मागं दोन पावलं, आन् मीटर चाललेत. आता मला सांगा, आपल्या भागात रविवारी सकाळी बांधावर मान्सं मीटर मोजायला लागली तर बघनाऱ्यानं काय समजावं? शाळंची सहल? आवो, आता सरकारी मोजनी बी तसल्याच हातातल्या यंत्रावर व्हती! पन हे माझ्या ध्यानात आलं का तवा? न्हाई आलं. मी बघत हुते ते भलतीकडंच. उसाच्या पलीकडं घराचं कौल दिसत हुतं. नऊ वर्सांत नवं पत्र्याचं छप्पर बी काढलंय म्होरं. वाळवन घातलेलं दिसत हुतं. काय घातलंय ते काय दिसना...

तेवढ्यात मोनिका वाचती, "हिंट आहे, पांढऱ्या दगडामागं."

मागं म्हनली हो ती! मागं! पन आमच्या ह्यांना पहार आनल्याचं सार्थक करायचं हुतं. बांधाच्या टोकाला चुना लावल्याला दगड हुता, हद्दीचा. ह्यांनी पहार घातली, "हेऽऽ" म्हनून जोर केला, आन् दगड भुईतनं भाईर! मी ओरडले, "अवो! हद्दीचा दगड हाय त्यो! ठिवा खाली!" तर म्हनत्यात, "थांब गं, खाली पोकळ लागतंय."

खाली मुंगळे निघाले. डबा निघाला मागं, लिंबाच्या बुंध्याशी, पाचटाखाली. पोरीलाच घावला. "सापडलाऽऽ!" करून अशी नाचली का मी सुदा हसले. खोटं कशाला सांगू. डबा कसला, आपला लोनच्याचा, वर हिरवी चिकटपट्टी. आत एक किल्लीची साखळी, एक मोडकी मोटार, एक फुगा, दोन कवड्या, आन् एक बारकी वही. ह्यांनी गोनीचं तोंड उघडून धरलेलं, तसंच हळूहळू मिटलं.

मोनिका म्हनती, "आता ह्या वहीत सगळ्यांनी सह्या करायच्या!"

मी म्हनलं, "मी न्हाई."

"अहो आई, फक्त नाव लिहायचं."

"तेच ते. माझ्या बापाच्या जमिनीवरच मला सही मागायची आसती का गं सगळ्यांनी?" असं तोंडापर्यंत आलं, पन पोरीला काय कळायचं? तर पंकजा माझा पदर धरून म्हनती, "आज्जी, सही नाही केली तर आपल्याला सापडला असं धरतच नाहीत. तू आलीच नव्हतीस असं होतं."

तू आलीच नव्हतीस असं व्हतं...

दे म्हनलं इकडं. बोटभर पेन्सिल, टोक न्हाई, काय न्हाई. तितंच लिंबाखाली ढेकळावर बसले आन् केली सही. वही मिटली. डबा मिटला.

मिटतोय तवर उसातनं आवाज, "ओऽऽ! कोन हाय रं तितं! कोन मोजतंय!"

माझी भावजय. विजया. हातात इळा, डुईला टावेल, उसाच्या पाल्यातनं अशी आली जनू काय रानडुकरावर आली. आली आन् बघती काय? करनच्या हातात यंत्र. ह्यांच्या हातात पहार. दगड उताना पडल्याला. आन् ढेकळावर मी! डुईचा टावेल तिनं कमरंला बांधला. मग जो तोंडाचा पट्टा सुटला! "वन्सं! येऊन येऊन अशा आलात व्हय? चोरागत? नऊ वर्सं गप बसून शेवटी मोजनी आनली का बांधावर? दगड उपटला! आवो, दगड उपटला ह्यांनी!"

मी म्हनलं, "विजया, तोंड सांभाळ. आमी खेळायला आलोय."

आता हे माझं वाक्य तुमीच ऐकून बघा एकदा. पन्नाशी उलटल्याली बाई, सोबत पहारवाला नवरा, उपटल्याला हद्दीचा दगड, आन् म्हनती, आमी खेळायला आलोय! मला सुदा खरं वाटंना, तर तिला काय वाटंल?

"खेळायला?" ती म्हनली. "माझ्या हद्दीशी?"

मोनिका मधी पडली, तिचं ते साखरेचं बोलनं घेऊन, "मामी, ॲक्च्युअली हा एक ग्लोबल गेम आहे..." विजया म्हनली, "ही कोन वकीलीनबाई आनली?"

तुमाला सांगते, मग जे झालं त्याला काय धरबंद? ती म्हनती, कोर्टात जायचं तर सरळ जा. मी म्हनते, गेले असते तर नऊ वर्सांपूर्वी गेले असते, तुझ्या परवानगीला थांबले न्हाई. ती म्हनती, आप्पांचं दुखनं कुनी काढलं? मी म्हनते, तुमी काढलं, म्हनून काय बहिनीला ताटात कागद वाढायचा? हे मधीच म्हनत्यात, "दोघी बी गप ऱ्हा, मुंगळे चावाय लागले." झाली ना जिवाची काशी... आन् तेवढ्यात अंगद आला.

नऊ वर्सांनी बघितला. केस पांढरे झालेत. आप्पांसारखा चालतो आता, डावा खांदा पाडून. मला कुनी सांगितलंच न्हाई ते. कोन सांगनार?

माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं. दगडाकडं बघितलं. मग करनला म्हनला, "काय रं, काय चाललंय?" करन म्हनला, "मामा, डबा हर्षलनं ठेवलाय." हर्षल म्हंजी अंगदचा पोरगा, पुन्याला शिकतो, करनचा मामेभाऊ. म्हंजी ह्या दोघांचं तिकडं येनं-जानं, खानं-पिनं सगळं चालू! आमी हितं नऊ वर्सं तोंड फिरवून मान आखडून घेतली, आन् पोरं तिकडं मिसळ खात्यात! लावला फोन हर्षलला. पोरगं तिकडनं म्हनतंय, "पप्पा, ते जिओकॅशिंग आहे." विजया म्हनती, "कुनाची काशी?" मी म्हनलं, "आपल्या सगळ्यांची." मुद्दाम केलं का सहज, ते अजून दोघं बी कबूल करीनात. पन करनचा कान अजून लाल हाय.

पंकजानं डबा उघडून अंगदच्या हातात वही दिली. "मामाआजोबा, बघा, ह्यात आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत!" कवतिकानं दिली हो पोरीनं. अंगदनं पान लांब धरलं, चष्मा नव्हता त्याच्याकडं. करन भवार. मोनिका भवार. पंकजानं आपलं फूल काढल्यालं. ह्यांचं नाव. आन् खाली... अंगद थांबला. बोट ठिवून वाचाय लागला, पयलीतल्या पोरागत.

"मालन... नामदेव... आरगडे."

तुमाला खरं सांगते, मला ठाऊकच नव्हतं! पस्तीस वर्सं मी मालन श्रीमंत भवार. रेशनला भवार, गटात भवार, आधारला भवार. पन चौथीपर्यंत ज्या हातानं पाटीवर जे नाव गिरवलं, त्या हातानं त्या लिंबाखाली बसून तेच काढलं. हातानं काढलं, मी न्हाई! कुनाला पटायचं का हे?

ह्यांना पयलं लागलं. "पस्तीस वर्सं माझ्या घरात, आन् सासऱ्याचं नाव?"

म्हनलं, "तुमी गोनी घडी करा."

पन विजया! तिनं वही वढून बघितली आन् वरडली, "घ्या! घ्या लेखी! आरगडे लावलंय! म्हंजी हक्क सोडल्याला न्हाई, उलटा लावून घेतलाय! तारखंसकट!"

तारीख पंकजानं घातली हुती. रूल हाय म्हने.

अंगदनं तवा माझ्याकडं बघितलं. पयल्यांदा. म्हनला, "आक्का, नऊ वर्सं एक सही मागतोय. तितं हात आखडला. आन् हितं लोनच्याच्या डब्यात केलीस?"

मी म्हनलं, "मागितलीस कुठं? ताटात टाकलीस."

त्यानं पायानं एक ढेकूळ फोडलं. मग जमिनीकडं बघून म्हनला, "वकील म्हनला हुता, भाऊबीजंला समदे घरात असत्यात, उरकून घ्या."

"वकील म्हनला! मग त्यालाच बसवायचा पाटावर! ववाळला असता मी वकिलाला!"

हसला का न्हाई? मला वाटतं मिशीत कायतरी हाललं. त्यानं माझ्या हातातल्या चटनीच्या डब्याकडं बी बघितलं. लहानपनी उखळातली चटनी नुस्ती खायाचा, बोटानं. मी डबा पुढं करनारच हुते, तुमाला सांगते, हात उचलला बी हुता... तर विजया म्हनली, "अवो, दगड आदी रवून घ्या, मग नाती काढा." आन् त्यो वळला.

मग दगड रवायचा कारेक्रम. आवो, काय सांगू! हे म्हनत्यात, चुन्याची बाजू उसाकडं हुती. विजया म्हनती, हरभऱ्याकडं. अंगद म्हनतो, चार बोटं अलीकडं. विजया म्हनती, अलीकडं न्हाई, पलीकडं. करननं मोबाईल काढला, म्हनतो, "मामा, हा मीटरभर चुकू शकतो, पण साधारण..." अंगद असा खेकसला, "ठिव त्यो खिशात!" अर्धा घंटा! मुंगळ्यांनी ह्यांची पिंढरी फोडून काढली. शेवटी जितं भोक हुतं तितंच बसला दगड, दुसरीकडं बसतोय कसा? हेच मी पयल्यापासनं म्हनत हुते, पन बाईचं ऐकतंय कोन.

डबा लिंबाशी ठिवला. पन वही? वही अंगदनं बंडीच्या खिशात घातली. पंकजानं भोकाड पसरलं, "मामाआजोबा, वही डब्यातच ठेवायची! रूल आहे! जसं होतं तसंच ठेवायचं!" त्यो तिच्या डोक्यावर हात ठिवून म्हनला, "ऱ्हाऊ दे बाळा माझ्याकडं." बास. तर रूल त्यानं मोडला, आन् नाव माझं! ह्याला न्याय म्हनायचं का?

निघालो. घर तितनं किती? दोनशे पावलं. वाळवन आता नीट दिसत हुतं, तूर घातली हुती. मी उगंच पदर नीट केला, उगंच चपलंतला खडा काढला. येळ लावला जरा. कुनी कायतरी म्हनंल. शेवटी मीच म्हनलं, "येते."

आता आपल्यात कसं असतंय? जानाऱ्यानं म्हनायचं येते, आन् राहनाऱ्यानं म्हनायचं ये. दारावर आल्याल्या बोहारनीला सुदा म्हनत्यात! एक अक्षर! दात बी लागत न्हाईत त्याला, ओठ बी लागत न्हाईत! त्यानं काय म्हनावं?

"हं."

हं! नऊ वर्सांनी! वर म्हनतो कसा, "पाटावर जपून जा, ट्रॉल्या हायेत." ट्रॉल्यांची काळजी! गाडीत बसले. मोनिकाच्या मोबाईलवर कायतरी टुंग वाजलं, तिनं दाखिवलं, पिवळं हसरं तोंड. म्हनती, "आई, सापडला म्हणून नोंद झाली आपली!" हुईना का. शनीचं दर्शन ऱ्हायलं, हुरडा ऱ्हायला, दशम्या गाडीत खाल्ल्या, आन् चटनीचा डबा जसा नेला तसा घरी आला. आन् वर, आईनं खेळ बिघडवला! जिवाची काशी माझी, आन् खेळ ह्यांचा बिघडला!

मला वाटलं संपलं. तर काल हर्षलचा फोन. मला! भाचा नऊ वर्सांनी आत्याला फोन करतोय. म्हनतो, "आत्या, मी घरी आलोय. पप्पा ती वही देईनात. म्हणतात डब्यात नवी ठेव."

म्हनलं, "मग ती कुठं ठिवलीय?"

"आप्पांच्या ट्रंकेत. सातबाऱ्याच्या पिशवीत, आप्पांच्या अंगठ्याच्या कागदाशेजारी."

म्हनलं, "कशाला ठिवली रं?"

"मम्मी म्हणते, पुरावा म्हणून."

"आन् पप्पा?"

"पप्पांनी सकाळी एकदा काढून बघितली, परत ठेवली."

आता ह्याचं काय समजायचं? कोर्टात दावायला ठिवली, का ठिवायची म्हनून ठिवली? तुमाला कळत असलं तर सांगा. मला कळत न्हाई. विजयाला कळतंय असं तिला वाटतं. आन् अंगदला... अंगदला तर बिचाऱ्याला कायच कळत नसनार, ट्रंक उघडतोय आन् झाकतोय.

पन मी काय म्हनते, ती सही! काय निर्लज्ज म्हनावी का काय! नऊ वर्सं मी मान धरून बसले, कुनी ये म्हनलं न्हाई, कुनी बस म्हनलं न्हाई, म्हनून उंबरा वलांडला न्हाई. आन् ती? कुनी बोलावलं न्हाई, हळदकुकू न्हाई, पायावर पानी न्हाई, गेली की सरळ भावाच्या खिशात बसून घरात, माजघरातनं आत, ट्रंकेत, बापाशेजारी जाऊन टेकली!

राहील आता म्हायेरपनाला पाहिजे तितके दिस. तिचं बरंय. तिला काय, चपला काढायच्या न्हाईत का मान राखायचा न्हाई. सही पोचली घरात... आन् जिची सही, ती बाई आपली बांधावरनंच माघारी!